ठुशीचा दोरा

गुजरीच्या तोंडाला, चांदीच्या दोन दुकानांमधल्या
साडेतीन फुटांत माझी बैठक.
पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून पीळ भरायचा,
मणी ओवायचे, मागं गोंडा, सरकती गाठ.
ठुशी गळ्याला टेकली पाहिजे, रुतता कामा नये.
पटवेकऱ्याचं शास्त्र एवढंच.

लाल वहीत वडिलांच्या वेळेपासून नोंद आहे:
बाईचं नाव, गाव, दोरा किती बोटं वाढवला, पैसे.
कमी करायला सहसा कोण येत नाही.

डॉक्टर इंगवले आल्या त्या आईची ठुशी घेऊन.
वर्षात तिसऱ्यांदा. दोन बोटं.
म्हटलं, आईसाहेब अंगानं भरल्या वाटतं.
त्या हसल्या नाहीत.
"आई चार किलोनं उतरलीय, मामा."
आणि हातातला दोरा बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, ती वही जरा द्या.

आठ दुपारी पायरीवर बसून त्यांनी वही उतरवून घेतली.
आजरा, गगनबावडा, भुदरगडातल्या वाड्या,
एकेका नावापुढं बोटं.
मग त्या नावांच्या मागं गाडी घेऊन हिंडल्या.
बायांनी शेणाचे हात धुतले, दंड पुढं केले.
कोण म्हणाली, घास अडकतो.
कोण म्हणाली, चैत्रातसुद्धा घोंगडं लागतं, सुना हसतात.
एक पाच वर्षं समजत होती, करणी झालीय.
येताजाता डॉक्टर मला सांगायच्या,
काही कळायचं, काही नाही.
गळ्यातल्या त्या ग्रंथीला पुस्तकात फुलपाखरू म्हणतात म्हणे.
मी म्हटलं, उडत नाही ते कशाचं फुलपाखरू.

चार वर्षांनी छापून आलं.
अकरा पानं, गुळगुळीत, सगळं इंग्रजी.
नातवानं बोट ठेवून वाचलं: दोनशे बारा स्त्रिया.
एक आलेख, त्यावर गुळाला लागावेत तसे ठिपके.
सातव्या पानावर तिरप्या अक्षरांत
एकच ओळखीचा शब्द, ठुशी.
शेवटी बारीक टायपात आभार, त्यात मी.
स्पेलिंग चुकलेलं. चालतंय.

ते पान प्लास्टिकमध्ये घालून घरी आणलं,
मालनला दाखवायला.
ती भाकरी थापत होती, एका भाकरीत दोनदा थांबून.
चष्मा नव्हता, म्हणून मान वर करून
लांबून बघायला लागली,
आणि बल्बखाली मी
तिचा गळा बघितला.

तिच्या ठुशीचा दोरा मीच वाढवला होता.
दिवाळीला एक बोट,
पुतणीच्या लग्नात दीड,
जोतिबाच्या यात्रेआधी परत एक.
दर वेळी म्हणालो, मानवलंय तुला.
कंगव्यातले केस, बसलेला आवाज,
भर दुपारी भिंतीला टेकून लागलेला डोळा,
सगळं घरात होतं.
वहीत नव्हतं.
घरच्या कामाचे पैसे घेत नाही,
पैसे नाहीत तिथं नोंद नाही.
वडिलांपासून तसंच आहे.

डॉक्टरना फोन लावला. म्हटलं,
दोनशे तेरा करता येईल का?
त्या थोडा वेळ गप्प.
"मामा, छापलेलं आता बदलत नाही.
त्यांना उद्या सकाळी घेऊन या."

आता उठल्याउठल्या पांढरी बारीक गोळी,
मग अर्धा तास चहा नाही.
तो अर्धा तास मालन घड्याळाकडं बघत बसते,
मी तिच्याकडं.

परवा म्हणाली, दोरा जरा ढिला वाटतोय.
अर्धं बोट कमी केला.
वही काढली. नाव लिहिलं. गाव: आपलंच.
पैशाच्या रकान्यात पेन अडलं.
"घ्या लिहून," ती म्हणाली,
"एक कप चहा. बाकी."